तेलकट हवा

पिकअपचा एसी तीन उन्हाळे बंद होता. दाजी काचा खाली करून गाडी चालवत आणि कोणी विचारलंच तर म्हणत, "मेव्हणा एसीवाला आहे ना, म्हणून." हा टोमणा मेव्हण्याला आता तोंडपाठ झाला होता. गाड्यांचे एसी दुरुस्त करण्याचं त्याचं दुकान बाजाराच्या मागच्या रस्त्यावर होतं. एक शटर आणि त्याच्यापुढे दोन गाड्या जेमतेम उभ्या राहतील एवढी जागा. त्याचं खरं नाव पाटीवर लिहिलेलं होतं, पण पाटी कोणी वाचत नसे. सगळे त्याला गारवा म्हणत.

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहिणीला घरचे आणि बाहेरचेही अक्काच म्हणत. कालव्याच्या काठाला तिचे सिमेंटचे हौद होते. त्यात ती माशांची पिल्लं बोटभर होईपर्यंत वाढवायची आणि ज्यांची स्वतःची तळी आहेत त्यांना विकायची. पोचवायचं काम दाजींचं. पिकअपच्या मागे पाण्याची मोठी टाकी, टाकीत पिल्लं, आणि ती वाटेत गुदमरू नयेत म्हणून शेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर. त्या वर्षी सिलिंडर वेळेवर मिळेनासे झाले. एकदा दोन दिवस वाट बघावी लागली, एकदा अर्धाच भरलेला आला. तेव्हा अक्का भावाला म्हणाली, "हवेचं तुझ्याकडे काही जमतं का बघ. गॅसचं सगळं तुला कळतं, हवेचंही कळत असेल."

आई गेली तेव्हा गारवा शाळेतही जात नव्हता. तेव्हापासून त्याला भरवण्यापासून त्याच्यासाठी मुलगी बघण्यापर्यंत सगळं अक्काने केलं होतं. इतक्या वर्षांत तिने त्याच्याकडे काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याने त्याच दिवशी पिकअपचं बॉनेट उघडलं. एसी बंद असला तरी त्याचा पंप धड होता.

गाडीच्या एसीचा पंप पट्ट्याने इंजिनाला जोडलेला असतो. त्याच्या तोंडाशी विजेवर धरणारा क्लच असतो. बटण दाबलं की पंप फिरतो, सोडलं की नुसती चाकी फिरत राहते. पंपाचं काम एकच, एका तोंडाने गॅस ओढायचा आणि दुसऱ्या तोंडाने दाबून सोडायचा. गॅसऐवजी हवा ओढायला लावली तरी त्याला फरक कळत नाही. गारव्याने जुने पाइप सोडवले, ओढणाऱ्या तोंडाला हवेची जाळी बसवली आणि सोडणाऱ्या तोंडापासून उष्णता सोसणारा पाइप एका लहान लोखंडी टाकीपर्यंत नेला. ही टाकी भंगारातल्या ट्रकची होती, ब्रेकची हवा साठवणारी. ती भरली की क्लच आपोआप सुटेल असा स्विच लावला. स्विच अडकला तर जादा हवा बाहेर पडेल अशी झडप लावली. हवाटाकीतून बारीक नळ्या निघाल्या, त्या मागच्या पाण्यात गेल्या, आणि त्यांच्या टोकाला बुडबुडे काढणारे सच्छिद्र दगड बसले.

पंपाला गॅस आणि हवा यांतला फरक कळत नसला तरी तेल आहे की नाही हे मात्र कळतं. एसीत तेल गॅसबरोबर हिंडतं. पंपातून निघतं, सगळ्या नळ्यांतून फिरतं आणि परत पंपात येतं. हवेच्या कामात ते गेलं की गेलं. हे गारव्याला ठाऊक होतं. त्यावर त्याने दोन उपाय ठरवले होते. तेल जरा सढळ हाताने घालायचं, म्हणजे पंप सुका पडून जाम होणार नाही. आणि हवाटाकीच्या पुढे तेल अडवणारा गाळक बसवायचा, म्हणजे पाण्यात जाईल ती कोरडी हवा. तेल घालून झालं. गाळक मागवला होता, तो यायचा होता.

दुकानात तो नेहमी वापरायचा ते तेल रंग मिसळलेलं असे. हा रंग साध्या उजेडात दिसत नाही, जांभळ्या दिव्याखाली हिरवट पिवळा चमकतो. एसीची गळती शोधायची ही रोजची पद्धत. गारव्याने पंप चालू केला आणि सवयीने दिवा घेऊन एकेक सांधा तपासला. पंपाची पुढची बाजू, पाइपाचे दोन्ही आटे, स्विचखालचं वायसर, झडपेची बैठक. कुठेही ठिपका नव्हता. शेवटी त्याने नळीच्या तोंडाशी दोन मिनिटं पांढरा कागद धरला. इंजिन गार होतं. कागद कोरा राहिला.

"गाळक यायचाय," तो म्हणाला.

"कधी?" दाजींनी विचारलं.

"चार दिवस लागतील."

"अरे, पिल्लं काय चार दिवस थांबतात? तळेवाला पाणी भरून बसलाय. दिवसातून तीनदा फोन करतो. मला सांग, चालेल की नाही चालेल?"

अक्का बाजूलाच उभी होती. ती दाजींना म्हणाली, "त्याला घाई करू नका. तो म्हणेल तेव्हाच गाडी निघेल."

तो म्हणेल तेव्हा. शेजारचा बॅटरीवाला आणि त्याचं गिऱ्हाईक, दोघांच्या देखत ती हे बोलली. गारव्याने हात पुसले.

"एका फेरीला काही होत नाही," तो म्हणाला. "काढा गाडी."

*

दाजी दुसऱ्या दिवशी दुपारी आले ते थेट दुकानात. गाडीतून उतरायलाच त्यांनी वेळ लावला. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुझ्या पंपाला नाव ठेवायला जागा नाही."

"मग?"

"माल मेला."

त्यांनी सांगितलं ते असं. वाटेत बुडबुडे जोरात चालू होते, उकळत्या पाण्यासारखे. तळ्यावर पोचून झाकण काढलं तर सगळी पिल्लं वर आलेली, तोंडं पाण्याबाहेर. हवा भरपूर असताना असं का करतात ते कळेना. तशीच तळ्यात सोडली. सकाळी काठ पांढरा झाला होता. तळेवाल्याने दोन-चार पिल्लांचे कल्ले उघडून पाहिले, ते चिकट होते.

"त्याने माझ्यादेखत अक्काला फोन लावला. काय बोलला ते मी तुला सांगत नाही. अक्का एवढंच म्हणाली, मेलेली बर्फात घालून आणा, तपासायला द्यायला हवीत. कल्ल्यांचा रोग दिसतोय म्हणते." दाजींनी टोपीने वारा घेतला. "इथे थांबलो ते पट्टा कुचकुचतोय म्हणून. बघ जरा. रोगाने मेलेल्यांचं आपण काय करणार?"

गारवा पिकअपवर चढला. टाकी रिकामी होती. जिथवर पाणी होतं तिथे आतल्या भिंतीला एक रेघ उमटली होती. त्याने त्या रेघेवरून बोट फिरवलं. ते घसरलं.

पुढच्या सीटखाली बर्फाच्या डब्यात दोन पिशव्या होत्या. "बघू," म्हणून त्याने एकीतलं एक पिल्लू काढलं आणि शटरच्या आत गेला. आतल्या कोपऱ्यात, गॅसच्या बाटल्यांमागे, दुपारीही अंधार असे. त्याने नखाने कल्ल्याचं झाकण उचललं आणि दिवा लावला.

कल्ला हिरवट पिवळा पेटल्यासारखा दिसला. एखाद्या ठिपक्याएवढा नाही, सगळाच्या सगळा, प्रत्येक पातं वेगळं मोजता येईल असा.

चूक त्याला तिथल्या तिथे कळली. आयुष्यभर त्याने गळती शोधली होती ती हवा जिथून निघायला नको अशा जागी. त्याने सांधे तपासले होते. हवा मुद्दाम जिथून सोडायची होती ते तोंड त्याने गार इंजिनावर दोन मिनिटं एका कागदाने तपासलं होतं. पंप तापला, तेल पातळ झालं, आणि अख्खी वाट ते बुडबुड्यांतून पाण्यात उतरत राहिलं.

गाळकाचं पुडकं समोरच टेबलावर पडलं होतं. त्याच दिवशी सकाळी, सांगितल्याच्या आधीच, ते आलं होतं.

बाहेर येऊन त्याने सांगायला तोंड उघडलं. दाजी पाय पसरून बसले होते, डोळे मिटून. डोळे न उघडताच ते म्हणाले, "एक बरं, तुझ्यावर नाही आलं काही. मला वाटेत तीच धास्ती होती. म्हटलं, अक्का हौसेने सगळ्यांना सांगत सुटलीय, भावाने पंप करून दिला म्हणून."

"टाकी घाण झालीय," गारवा म्हणाला. "धुऊन देतो."

"अरे राहू दे, धंद्याच्या वेळी कुठे..."

"असू द्या."

त्याने गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन टाकी दोनदा धुतली. बुडबुड्यांचे दगड काढून कचऱ्यात टाकले आणि नवे लावले. नळ्या बदलल्या. हवाटाकीची खालची चावी उघडली, तेव्हा चहात दूध जास्त झाल्यासारखा रंग असलेलं पाणी आणि तेल बाहेर आलं. ते त्याने फडक्यात टिपलं आणि फडकं डब्यात कोंबलं. मग गाळक बसवला. पट्टा ताणून दिला.

"मेव्हणा असावा तर असा," दाजी जाताना म्हणाले. दोन्ही पिशव्या घेऊन ते गेले, एक तपासणीला द्यायची, एक अक्काला दाखवायची.

गारवा रिकाम्या जागेत उभा राहिला. निकाल आठवड्याने येणार होता. रोग नाही, एवढंच त्यात लिहिलेलं असेल. मग कोणी म्हणेल ऊन होतं, कोणी म्हणेल तळ्याचं पाणी खराब होतं, आणि विषय मिटेल. गाळक आता बसलेला आहे. पुढच्या फेरीला काही होणार नाही. हे सगळं त्याने स्वतःला अशा आवाजात सांगितलं, ज्या आवाजात तो गिऱ्हाइकाला जुनी नळी आणखी वर्षभर चालेल असं सांगायचा.

*

सकाळी बायको चहा ओतताना म्हणाली, "अक्का आज आईबाप काढतायत."

ज्या मोठ्या माशांपासून अक्का पिल्लं काढायची त्यांना घरात आईबाप म्हणत. बाजारात असे मासे मिळत नसत. वर्षानुवर्षं प्रत्येक पिढीतले धडधाकट तेवढे निवडत तिने ते तयार केले होते. तिचं नाव जे होतं ते या माशांमुळे.

"काढतायत म्हणजे?"

"म्हणजे मारतायत. सगळे. मग हौदांना चुना." बायकोने कप त्याच्यापुढे सरकवला. "दाजींचा फोन होता. म्हणाले, तुमच्या नवऱ्याला सांगा येऊन बसायला, तिच्या जवळचं कोणीतरी असावं."

"पण निकाल यायचाय अजून!"

"कल्ल्यांच्या रोगात निकालाची वाट बघायची नाही म्हणे. कालव्यात पाणी गेलं की खालच्या सगळ्यांचे हौद जातात. कालव्यावरच्या लोकांचं ठरलेलं आहे तसं. ठरवलंय कोणी माहिती आहे ना? तुमच्या अक्कांनीच."

माहीत होतं. पूर्वी एकदा कालव्याच्या खालच्या अंगाला हौद असलेल्या एका म्हाताऱ्याकडे हाच रोग आला होता. सगळे त्याला खालचे मामा म्हणत. अक्काने स्वतः त्यांच्या दारात उभं राहून त्यांना हौद रिकामे करायला लावले होते.

"जीव बरा नाही का?" बायकोने विचारलं. "तोंड बघा कसं झालंय."

"काही नाही," तो म्हणाला. त्याने दिवा खिशात घातला आणि चहा तसाच ठेवून निघाला.

*

हौदांपाशी पोचेपर्यंत त्याने पहिलं वाक्य चार वेळा बदललं होतं. तिथे पोचल्यावर चारही कामाची नव्हती, कारण अक्का एकटी नव्हती. खालचे मामा आले होते. ज्याच्याकडे पिल्लं मेली तो तळेवाला आला होता, हात मागे बांधून. हौदांचं पाणी कालव्यात जायचं दार दाजी चिखलाने बंद करत होते. अक्का रबरी बूट घालून हौदात मांडीभर पाण्यात उभी होती. काठावर मोठा टब होता आणि त्यात गुंगीचं औषध घातलेलं पाणी. ती मासा दोन्ही हातांनी उचलायची, टबात सोडायची आणि तो आडवा होईपर्यंत हात पाण्यात ठेवायची. पहिला हौद रिकामा झाला होता. त्यातले मासे गोणपाटाखाली होते. दुसऱ्याला आत्ता सुरुवात झाली होती.

"तेव्हा मला म्हणाली होतीस," मामा म्हणाले, "रडायचं नंतर, आधी चुना."

"म्हणाले होते."

"आज मी म्हणू?"

"म्हणा की. तुमचा हक्क आहे."

मामांनी बाही वर केली आणि टबाची दुसरी बाजू धरली.

"अक्का, थांब ना जरा," गारवा म्हणाला. "निकाल येऊ दे."

"आलास? ये. तिथे बस, पाय भिजतील."

"ऊन केवढं होतं त्या दिवशी. उन्हानेही होतं असं."

"उन्हाने कल्ले चिकट होत नाहीत."

"मग टाकीत गर्दी झाली असेल."

"गर्दी झाली तर हवा कमी पडते." अक्काने मासा टबात सोडला. "हवा कमी पडली नाही. हे म्हणाले ना, पाणी नुसतं उकळत होतं. उलट तुझ्या पंपामुळे मला कळलं तरी. सिलिंडर असता तर मी म्हटलं असतं सिलिंडर संपला, आणि रोग तसाच ठेवून बसले असते. तुझी बाजू चोख आहे. खोट माझ्या पाण्यात आहे."

ती हे तळेवाल्याकडे बघून म्हणाली, आवाज न चढवता.

दाजी चिखलाचे हात घेऊन उठले. "एक सांगायचंय," ते म्हणाले. "मी वाटेत जेवायला थांबलो होतो. इंजिन बंद केलं होतं. बराच वेळ. हवाटाकीत होती तेवढी हवा चालली असेल, नंतरचं मला माहीत नाही."

"जेवायला थांबलात?" अक्काने वर पाहिलं. "मला म्हणालात, गाडी कुठे थांबवलीच नाही."

"म्हणालो खरं."

"काल दोनदा विचारलं मी."

"दोनदाही तेच म्हणालो. चुकलं. भूक लागली होती."

"भूक लागली तर खावं माणसाने," मामा म्हणाले. "खोटं कशाला खावं वरून?" तळेवाल्यालाही हसू आलं. दाजीही ओशाळं हसले. अक्का म्हणाली, "तेवढ्याने कल्ले चिकट होत नाहीत, पण आता घरी जेवायला मागाल तेव्हा बघते." आणि ती पुढच्या माशाकडे वळली.

एवढंच. दाजींनी सांगितलं, शिव्या खाल्ल्या, झालं. पाच मिनिटांचं काम होतं ते. गारवा तिथे उभा राहून बघत होता, आणि अक्काच्या हातात मादी होती, पोट भरलेली, तिची शेपटी अक्काच्या कोपरावर आपटत होती.

"ती टबात घालू नकोस," तो म्हणाला. "रोग नाही. तेल आहे. माझ्या पंपातलं तेल पाण्यात गेलं."

मग मामा म्हणाले, "भाऊ आहे. बोलणारच."

"नाही हो मामा, खरंच..."

"बाळा, आम्हालाही बहिणी आहेत."

अक्काने मादी खाली सोडली नाही, टबातही घातली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. ती हसली. "लहानपणापासून असाच आहे हा," ती तळेवाल्याला म्हणाली. "माझ्या हातून बरणी फुटली तरी हा पुढे. मी फोडली म्हणायचा." आणि त्याला म्हणाली, "जा, सावलीत बस. तू असं म्हटल्यावर मी थांबेन असं वाटलं का तुला?"

मामा तेवढ्यात पिकअपपाशी गेले होते. टाकीत वाकून त्यांनी भिंतीवरून अंगठा फिरवला आणि तो सगळ्यांना दाखवला. "आरशासारखी आहे. कुठे आहे तेल?"

"मी धुतली," गारवा म्हणाला.

"कधी?"

"काल. साबणाने. दोनदा."

"हो, धुतली खरी," दाजी म्हणाले. "मी तिथेच होतो. राहू दे म्हणत होतो मी." मग ते थांबले. त्यांनी मेव्हण्याकडे पाहिलं, आणि आता ते हसत नव्हते.

"पिशवी कुठे आहे?" गारव्याने विचारलं. "मेलेल्या पिल्लांची. एक इथे आणली होती ना?"

अक्काने मादी परत हौदात सोडली. खाद्याच्या खोलीत पोती रचलेली होती आणि खिडकी एकच होती. तीही गोणीने झाकली. पाचही जण आत दाटीवाटीने उभे राहिले. गारव्याने पिल्लाचा कल्ला उचलला आणि खिशातला दिवा लावला. हिरवट पिवळा उजेड सगळ्यांच्या बोटांवर पडल्यासारखा वाटला. तळेवाला पहिल्यांदाच बोलला, "अरे देवा." मग गारव्याने गोणपाटाखालचा एक आईबाप मागितला. मामांनी तो आणला. त्याचा कल्ला दिव्याखाली काळपट लाल राहिला. पाती सुटी होती, एकही चमक नव्हती.

"हं," मामा म्हणाले. त्यांनी तो मासा हातात फिरवून पाहिला. कल्ला बोटाने चोळला. "चिकट नाही. हा काही आजारी नव्हता."

अक्का त्या माशाकडे बघत नव्हती. ती दिव्याकडे बघत होती.

"हा दिवा काल लावला होतास?"

"हो."

"कधी?"

तो म्हणू शकला असता की रात्री, किंवा सकाळी निघताना. कोणी पडताळून बघणार नव्हतं.

"दाजी दुकानात बसले होते तेव्हा," तो म्हणाला. "टाकी धुवायच्या आधी."

अक्काने मान हलवली, हिशोब जुळल्यावर हलवतात तशी, आणि गोणी बाजूला सारून बाहेर गेली.

*

टबात त्या वेळी तीन मासे होते. अक्काने ते एकेक करून ताज्या पाण्यात नेले आणि शेपटीशी धरून पुढे-मागे केले, म्हणजे कल्ल्यांतून पाणी जात राहतं. दोन सावरले. तिसऱ्याला तिने बराच वेळ धरलं. मग तोही गोणपाटाखाली गेला. पहिला हौद तर गेलाच होता.

"दिव्याने तेल आहे हे कळलं," ती मामांना म्हणाली. "रोग नाही हे दिव्याने कळत नाही. निकाल येईपर्यंत कालव्याचं दार बंदच ठेवते. चालेल?"

"चालेल," मामा म्हणाले. "मीही रोज येऊन बघून जाईन." जाताना ते गारव्याच्या समोरून गेले.

तळेवाला अक्कासमोर उभा राहिला. "फोनवर मी जास्तच बोललो काल."

"तुमचं नुकसान झालं होतं."

"तरी पण. तुमच्या पाण्याबद्दल बोलायला नको होतं." तो गेला. गारवा दोन पावलांवर होता, पण माफी मागितली गेली ती चुकीच्या बाजूकडून, आणि ती त्याला ऐकावी लागली.

दाजी हौदाच्या काठावर बसून बूट झटकत होते. "मला सांगितलं असतंस," ते म्हणाले. "मी तिथेच होतो रे. बाजूलाच. दोघांनी मिळून काहीतरी केलं असतं. मी रात्रभर जागा होतो, जेवायला थांबलो त्याचं मनाला लावून घेऊन."

"दाजी..."

"राहू दे आता."

अक्का हात धुऊन आली. पदराला न पुसता तिने ते नुसते वाऱ्यावर धरले. मग भिंतीलगतच्या बाकावर बसली आणि शेजारच्या जागेवर हात आपटला. तो बसला. लहानपणी अभ्यासाला बसायचा तसा, मधे वीतभर अंतर ठेवून.

"काल संध्याकाळी मी सगळ्यांना फोन केले," ती म्हणाली. "माझ्याकडून पिल्लं नेणाऱ्या एकेकाला. म्हटलं, माझ्याकडे रोग आहे, नवी पिल्लं वेगळी ठेवा. काहींनी तळी उपसायला काढली असतील. आता तू सांग."

"मी?"

"मग कोण, मी? मला काय माहीत तुझ्या पंपाचं."

तिला सगळे नंबर पाठ होते. तिने पहिला लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. पलीकडच्याला आधी कोण बोलतोय तेच कळेना. मग म्हणाला, "गारवा का! अरे, माझ्या गाडीचा एसी पुन्हा..." गारव्याने त्याला थांबवलं आणि सांगितलं. पंप, तेल, गाळक यायच्या आधी काढलेली गाडी. काल दुपारीच कळलं होतं, टाकी धुतली, सांगितलं नाही. सांगताना तो मधे मधे थांबला. पलीकडचा "बरं" म्हणाला, आणि एसीचं काही न बोलता फोन ठेवला.

दुसरी एक बाई होती. तिने तळं रात्रीच उपसायला लावलं होतं. ती काय बोलली ते बाकावर बसलेल्या अक्कालाही ऐकू आलं असणार, पण अक्का समोर हौदाकडे बघत राहिली. गारवा "हो" आणि "चुकलं" एवढंच म्हणत होता. बाईचं बोलून झालं तेव्हा त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती.

तिसऱ्या फोनला त्याला सराव झाला होता. वाक्यं एकामागून एक नीट आली. पंप मी केला, तेल पाण्यात गेलं, रोग दिसत नाही, तुमची पिल्लं मिसळायला निकालापर्यंत थांबा, अक्काचा काही दोष नाही. पलीकडचा माणूस भला होता. "होतं रे असं," तो म्हणाला. "नवीन काही करायला गेलं की होतं. कळलं तसं लगेच सांगितलंस, हे बरं केलंस."

"हो," गारवा म्हणाला. "ठेवू मग?"

अक्काने हौदावरची नजर काढली नाही.

"काल कळलं ते राहिलं," ती म्हणाली.

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "काका, लगेच नाही सांगितलं," तो म्हणाला. "काल दुपारीच कळलं होतं मला. टाकी धुऊन टाकली आणि गप्प बसलो. आज आल्यावर सांगितलं. तोवर हिचा एक हौद गेला होता."

पलीकडून मग फोन बंद झाला. अक्काने हात पुढे केला, फोन घेतला आणि पुढचा नंबर लावायला लागली.